डोंगल घेताना खोकं पाहावं की चिप?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षाचिप लागते आणि प्रोसेसरही त्यामानाने नवा लागतो. त्यामुळे शाळा, वाचनालयं, पतसंस्था, घरं अशा ठिकाणचे धडधाकट संगणक एका तारखेनंतर बिनकामाचे ठरायची वेळ आली. त्यांतले काही आता लिनक्सवर चालू लागले आहेत, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पण जुन्या डेस्कटॉपमध्ये वायफाय नसतंच. मग डोंगल आणायचं आणि तिथे गाडी अडते. पुढच्या संवादातले मामा आणि भाची माझ्या कल्पनेतले आहेत, त्यांचे मुद्दे मात्र प्रत्यक्षातले आहेत. मामांचं तालुक्याच्या गावी संगणकदुरुस्तीचं दुकान आहे. भाची पुण्यात सर्व्हर सांभाळते. विषय आहे गावच्या वाचनालयाच्या सहा संगणकांचा.

मामा : सहाही मशीनवर लिनक्स मिंट टाकून झालं. आता सहा डोंगलं लावली की काम संपलं. दुकानात पाचशेच्या आतबाहेरची पडून आहेत, तीच लावतो.

भाची : मामा, ती कुठल्या चिपची आहेत तेवढं सांगा.

मामा : चिप कोण लिहितंय खोक्यावर? कंपनीचं नाव आहे, स्पीड आहे, आणि खाली बारीक अक्षरात ‘लिनक्स सपोर्टेड’ असंही आहे. अजून काय पाहिजे?

भाची : त्या बारीक अक्षरांचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की कंपनीने कधीतरी, त्या वेळच्या एखाद्या कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, ड्रायव्हरचा सोर्सकोड एका झिप फाइलमध्ये ठेवला होता. तो आजच्या कर्नलवर कंपाइल होईल का, हे त्यात कुठे येतं? आणि कंपनीच्या नावावर तर अजिबात जाऊ नका. टीपी-लिंकचं ते ७२२एन तुम्ही किती विकलं असेल. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, लिनक्सवर लावलं की चालू. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत आत रिअलटेकची ८१८८ईयूएस आली. नाव तेच, बाहेरचं रूप तेच, अँटेनाही तशीच. बदल फक्त लेबलवरच्या आवृत्तीच्या आकड्यात.

मामा : ते मला ठाऊक आहे. गिऱ्हाईक ‘तसलंच द्या’ म्हणून आलं आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आलं, असं झालंय.

भाची : अल्फा कंपनीचं पाहा. एसीएच आणि एसीएम अशी दोन मॉडेलं आहेत, नावात शेवटच्या एका अक्षराचा फरक. एसीएचमध्ये रिअलटेकची ८८१२एयू, एसीएममध्ये मीडियाटेकची ७६१२यू. मीडियाटेकवाल्याचा ड्रायव्हर २०१८च्या ४.१९ कर्नलपासून कर्नलच्या आतच आहे. रिअलटेकवाल्याला कर्नलमध्ये जागा मिळाली २०२५ साली, चिप बाजारात येऊन दहा वर्षं उलटल्यावर.

मामा : पण त्या दहा वर्षांत ते डोंगल चाललं की नाही? चाललं. माझ्याच हाताने कित्येक बसवलीत. सोर्सकोड उतरवायचा, डीकेएमएस टाकायचं, दोन कमांड मारायच्या. नवा कर्नल आला की डीकेएमएस आपोआप ड्रायव्हर नव्याने बांधून घेतं. तुम्ही शहरातली पोरं ‘कर्नलच्या आत, कर्नलच्या बाहेर’ असं सोवळंओवळं करता. गिऱ्हाइकाला नेट पाहिजे असतं, आणि आज पाहिजे असतं.

भाची : सोवळं नाही मामा, हिशेब आहे. डीकेएमएस नव्याने बांधतं, पण बांधला जाईल तोवरच. कर्नलच्या आतली फंक्शनं, त्यांचे साचे कायम राहतील असं आश्वासन लिनक्स देतच नाही. कर्नलच्याच कागदपत्रांत ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ते स्वच्छ लिहून ठेवलंय. आतला साचा ज्याने बदलला, त्यानेच कर्नलमधल्या सगळ्या ड्रायव्हरांत तो बदल करून द्यायचा, अशी तिथली रीत आहे. म्हणजे ड्रायव्हर आत असेल तर त्याची दुरुस्ती बदल करणाऱ्यावर येते. बाहेर असेल तर एखाद्या स्वयंसेवकावर येते, आणि त्याला सवड मिळेपर्यंत ती तुमच्यावर. तुम्ही दुकानात. वाचनालयात कोण आहे?

मामा : ग्रंथपालबाई आहेत.

भाची : त्यांनी ‘अपडेट करा’वर क्लिक केलं, मशीन पुन्हा सुरू झालं, आणि नेट गेलं. दुरुस्तीचा कोड उतरवायचा तर नेट लागतं, आणि नेट तर गेलंय. त्या काय करतील?

मामा : मला फोन करतील. मी सांगेन, सुरू होताना ग्रब नावाच्या बूट-मेन्यूत जा आणि आधीचा कर्नल निवडा. चालू होतं. नाहीतर मोबाइल केबलने जोडायचा, यूएसबी टेथरिंग सुरू करायचं, नेट आलंच. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, लिनक्समध्ये तो पहिल्यापासून आहे.

मामांचा हा उपाय प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. नव्या लिनक्सवर नेट नाही म्हणून हताश बसलेल्या माणसाच्या खिशातच बहुतेक वेळा उत्तर असतं. अँड्रॉइड फोन घरच्या वायफायला जोडून केबलने संगणकाला लावला, तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही. फोनच तात्पुरतं डोंगल होतो.

भाची : टेथरिंगचं मला पटलं. पण ती सुटका झाली, व्यवस्था नाही. आणि सिक्युअर बूट चालू असेल तर अजून एक अडचण. बाहेरून बांधलेल्या ड्रायव्हरवर सही नसते, म्हणून कर्नल तो घेतच नाही. आपली किल्ली मशीनमध्ये नोंदवावी लागते. पासवर्ड ठरवायचा, मशीन पुन्हा सुरू करायचं, निळ्या पडद्यावर तोच पासवर्ड टाकायचा. तो पडदा पाहिल्यावर निम्मी माणसं घाबरून ‘कंटिन्यू बूट’ दाबतात आणि ड्रायव्हर लागत नाही.

मामा : मी सिक्युअर बूट बंदच करतो.

भाची : म्हणजे पाचशेच्या डोंगलासाठी मशीनचं एक कुलूप काढून ठेवलंत.

मामा : बरं, तुझं खरं धरू. पण तू सांगतेस ती डोंगलं इथे मिळतात का? तुझी ती एसीएम मागवायची तर किंमत कित्येक पट. वाचनालयाला अनुदान किती आणि कधी मिळतं ते तुला माहीत आहे. ज्यांना परवडतं त्यांना बरोबर ठरवायचं आणि बाकीच्यांना चूक, हे मला मान्य नाही. आणि ज्या बाहेरच्या ड्रायव्हरांना तू नावं ठेवतेस, ते कुणी फुकट राबून जिवंत ठेवले म्हणून गरिबाची मशीनं चालली.

भाची : नावं ठेवत नाही मी त्यांना. २०२३च्या फेब्रुवारीत ६.२ कर्नल आला, तेव्हा रिअलटेकच्या ८८२१सीयू आणि ८८२२बीयू यांच्यासारख्या यूएसबी चिपा पहिल्यांदा आत आल्या. त्यामागे कितीतरी लोकांची वर्षांची मेहनत आहे.

इथे संवाद थांबवून एका माणसाबद्दल सांगितलंच पाहिजे. अमेरिकेतले लॅरी फिंगर. २००५पासून ते लिनक्सच्या वायफाय ड्रायव्हरांवर स्वयंसेवक म्हणून काम करत होते. आधी ब्रॉडकॉमच्या चिपा, ज्यांची माहिती कंपनी देतच नव्हती, आणि नंतर रिअलटेकच्या. रिअलटेकचं डोंगल घेऊन अडलेल्या असंख्य अनोळखी माणसांना त्यांनी उत्तरं दिली, कोड दुरुस्त करून दिला. २०२४च्या जूनमध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, ते गेले. आपल्याकडच्या कुठल्याही गावात रिअलटेकचं डोंगल लिनक्सवर चालत असेल, तर त्यात त्यांच्या कामाचा वाटा असण्याची शक्यता मोठी आहे. मामा ज्यांची बाजू घेतात ती माणसं अशी आहेत. त्यांच्याबद्दल कृतज्ञता हवीच. पण एका माणसाच्या चिकाटीवर लाखोंचं नेट अवलंबून राहणं बरं नाही, आणि भाचीचा मुद्दा नेमका तिथे आहे.

मामा : मग तूच सांग, माझ्या गिऱ्हाइकाच्या पैशात बसेल असं काय आहे?

भाची : एमटी७६०१यू. मीडियाटेकची जुनी, साधी चिप. अँटेना लावलेली बिननावाची स्वस्त डोंगलं येतात ना, त्यातल्या बऱ्याचशांत हीच असते. ड्रायव्हर याकुब किचिन्स्की यांनी लिहिला, आणि २०१५च्या ४.२ कर्नलपासून तो आत आहे. फक्त २.४ गिगाहर्ट्झ, कागदावर १५० मेगाबिट. त्यावर हॉटस्पॉट चालवता येत नाही. पण वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला, फॉर्म भरायला एवढं पुरतं.

मामा : अगं, पण त्याच रूपाच्या डोंगलात रिअलटेकही निघते. मी दोन्ही पाहिलीत.

भाची : निघते. म्हणून तर म्हणते, रूप पाहू नका.

मामा : आणि पाच गिगाहर्ट्झवालं नको?

भाची : वाचनालयाच्या भिंती कशा आहेत?

मामा : दगडी. दोन फुटी.

भाची : मग नकोच. तिथे पाच गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे धड पोचणार नाही. शहरातल्या इमारतीत, जिथे वीस शेजाऱ्यांचे राउटर २.४वर गर्दी करतात, तिथे पाच हवं. तिथे मी ७६१२यू सांगेन, आणि वायफाय ६ हवं असेल तर मीडियाटेकचीच ७९२१, तिचा यूएसबी ड्रायव्हर २०२२च्या ५.१८पासून आत आहे.

मामा : चल, एक तरी गोष्ट माझ्या बाजूची निघाली. आता माझं अजून एक ऐक. खोक्यावरच्या ‘एसी १२००’ला लोक भुलतात. ते १२०० म्हणजे २.४चे ३०० आणि पाचचे ८६७ यांची ढोबळ बेरीज. डोंगल एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतं, त्यामुळे ती बेरीज कुणाला कधी मिळत नाही. त्यात मशीनला यूएसबी २.०चं पोर्ट असेल तर कागदावरची कमाल मर्यादाच ४८०. बोटाच्या पेराएवढं डोंगल लोकांना आवडतं, पण त्यात अँटेना केवढी मावणार? तापतं ते वेगळंच. मागच्या बाजूला पत्र्याच्या कॅबिनेटला चिकटून बसलं की रेंज गेलीच.

भाची : आणि शेजारी यूएसबी ३.०चं काही लावलं असेल तर अजून वाईट. २.४च्या पट्ट्यात त्याचा गोंगाट होतो, इंटेलने २०१२मध्ये त्यावर निबंधच काढला होता.

मामा : मी कधीचं सांगतोय, हातभर एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर आणा. महाग डोंगलापेक्षा जास्त फरक पडतो. तू चिपच्या नंबरात गुंतलीस, मी जागेत. दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या तक्रारी जागेच्याच असतात.

भाची : केबलचं लिहून घेते. पण जागा सुधारायची तर आधी डोंगल लिनक्सला दिसलं पाहिजे.

मामा : दिसतं की. पेनड्राइव्हसारखं दिसतं.

भाची : हसू नका मामा, खरंच तसं होतं. काही डोंगलं लावल्यावर आधी स्वतःला सीडी म्हणून ओळख देतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो. विंडोजवर तो बसला की ती वायफाय होतात. लिनक्सवर त्यांना यूएसबी-मोडस्विच नावाच्या प्रोग्रॅमने वळवावं लागतं. ते न कळल्यामुळे चांगलं डोंगल ‘खराब’ म्हणून परत जातं. फर्मवेअरचंही तसंच. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो, पण चिपच्या आत चालणारी फर्मवेअरची फाइल वेगळी लागते. डी-मेसेज कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत ‘फर्मवेअर सापडलं नाही’ असं दिसलं तर ड्रायव्हर बदलत बसू नका, फर्मवेअरचं पॅकेज टाका. डेबियन या लिनक्सच्या मंडळींनी २०२२मध्ये मतदान घेतलं आणि जून २०२३च्या बाराव्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच दिलं, तेव्हा ही डोकेदुखी बरीच कमी झाली. एआर९२७१चं वैशिष्ट्य असं, की तिचं फर्मवेअरसुद्धा खुलं आहे. म्हणून एवढी जुनी असूनही जाणकार तिला सोडत नाहीत.

मामा : हे सगळं तू जाणतेस म्हणून. गिऱ्हाइकाने हे का जाणावं? मला राग येतो तो इथे. बियाण्याच्या पिशवीवर वाण लिहिलेलं असतं, लॉट नंबर असतो, उगवण किती टक्के तेही असतं. शेतकरी अडाणी नाही, त्याला ते वाचता येतं, आणि लिहिलेलं असतं म्हणून तो भांडू शकतो. डोंगलाच्या खोक्यावर चिपचं नाव छापायला कंपनीला किती खर्च येतो? शाईचा. आत चिप बदलली तर मॉडेलचं नाव बदलायला काय जातं? हे न करता तू मला सांगतेस, मामा तुम्ही अभ्यास करा. अभ्यास कंपनीने करायचा, आपण विकत घ्यायचं.

भाची : यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे.

मलाही मामांचं हे म्हणणं पूर्ण पटतं. लिनक्स वापरणाऱ्यांच्या जगात एक सवय आहे. वस्तू चालली नाही की ‘घेण्याआधी चिप बघायची होतीस’ असं सांगितलं जातं, आणि दोष घेणाऱ्यावर येतो. चिप बघितली पाहिजे हे खरं, पण ती बघता येत नाही अशी व्यवस्था करणारा कुणीतरी वेगळा आहे, हे विसरलं जातं.

मामा : बरोबर आहे म्हणून काम होत नाही. सोमवारी वाचनालय उघडायचंय.

भाची : तुमच्याकडे जुने राउटर पडलेत ना? एक क्लायंट मोडवर लावू. तो वायफाय पकडेल, आणि जी चार मशीनं एका खोलीत आहेत त्यांना लॅन केबलने नेट देईल. त्यांना डोंगल नकोच, ड्रायव्हरचा प्रश्नच उरत नाही.

मामा : हे मी सुचवणार होतो, तर तू म्हणाली असतीस, मामा जुनाट.

भाची : नसते म्हणाले. केबलच्या तोडीचं वायफाय नसतं. राहिली वाचन-कक्षातली दोन मशीनं. त्यांच्यासाठी तुमच्या दुकानातलीच डोंगलं तपासू. मिंटचा जो पेनड्राइव्ह करून ही मशीनं तुम्ही बसवलीत, त्यावरूनच दुकानातला एखादा संगणक सुरू करायचा. काहीही इन्स्टॉल करायचं नाही. एकेक डोंगल लावायचं. नेटवर्कची यादी आली की ते बाजूला ठेवायचं. नाही आली तर ते त्या मशीनसाठी नाही.

मामा : म्हणजे डीकेएमएसला संधीच नाही.

भाची : तेच हवंय. लाइव्ह पेनड्राइव्हवर फक्त कर्नलच्या आतला ड्रायव्हर चालतो. जे तिथे चाललं ते पुढच्या अपडेटलाही चालायची खात्री सगळ्यांत जास्त. फक्त पेनड्राइव्ह त्याच आवृत्तीचा हवा. उदाहरणार्थ, डेबियन १२चा कर्नल ६.१ आहे, म्हणजे ६.२मध्ये आलेलं काही त्यात नाही. ‘कर्नलमध्ये आलंय’ असं कुणी म्हणालं तर विचारायचं, कुठल्या कर्नलमध्ये? आणि माझ्या मशीनवर कुठला आहे?

मामा : आणि जी लागली नाहीत ती?

भाची : ती विंडोजवाल्याला विका, डोंगलात खोट नाही. पण लागलेल्यांच्या खोक्यावर पेनाने चिपचा नंबर लिहून ठेवा. एल-एस-यूएसबी कमांड दिली की ओळख क्रमांक दिसतो. ०सीएफ३:९२७१ दिसलं तर एआर९२७१, १४८एफ:७६०१ दिसलं तर ७६०१यू. पुढच्या गिऱ्हाइकाला तुम्ही छातीठोकपणे सांगाल, हे घ्या.

मामा : कंपनी लिहीत नाही, तर मी लिहितो म्हणतेस.

भाची : तोपर्यंत तरी.

मामांनी पेनड्राइव्ह काढला, इथे आपण त्या दोघांना सोडू. माझं मत सांगतो. ज्या संगणकाजवळ रोज जाणकार माणूस नसतो, तिथे ड्रायव्हर कर्नलच्या आतला असलेलंच डोंगल लावावं, मग वेग थोडा कमी असला तरी चालेल. तुम्ही स्वतः जाणकार असाल आणि हाताशी दुसरं काही नसेल, तर बाहेरचा ड्रायव्हर जरूर टाका. पण वाचनालयात, शाळेत, आईवडिलांच्या घरी तो टाकून निघून येऊ नका. डोंगल घ्यायला जाताना तुमच्या मशीनवर आहे त्याच आवृत्तीचा लाइव्ह पेनड्राइव्ह बरोबर न्या आणि दुकानदाराला तिथेच लावून दाखवायला सांगा. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत आधी पाहा, आणि आल्या दिवशीच तपासा. आणि बिल घेताना त्यावर मॉडेलबरोबर आवृत्तीचा आकडा आणि चिपचं नाव लिहून मागा. आज दुकानदार चकित होईल. दहा जणांनी मागितलं की तो घाऊक विक्रेत्याला विचारू लागेल.